बुलेट ३५० ची चॉपर : मान कापावी, टी बदलावी की फ्रेम आहे तशी ठेवावी?

करवीर_३५०

सर्व ज्येष्ठांना नमस्कार.

चुलत्यांनी त्यांची १९९४ सालची बुलेट ३५० मला दिली आहे. इंजिन कास्ट आयर्नचे, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे. नोंदणी माझ्या नावावर झाली आहे, पुनर्नोंदणीची मुदत शिल्लक आहे आणि विमाही चालू आहे. इंजिन कोल्हापूरच्या उद्यमनगरात समोर उभे राहून उघडून घेतले, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातला, बिगएंड तपासला. आता सकाळी थंड असतानाही गाडी दुसऱ्या किकला सुरू होते. बाकीच्या गाडीची अवस्था मात्र बरी नाही. टाकी आतून गंजली आहे, दोन्ही मडगार्ड कडांना सडले आहेत आणि सीटखालचा पत्रा हाताने तुटतो. हे सगळे नव्याने करावे लागणारच आहे, तेव्हा या गाडीची चॉपर करावी अशी मनापासून इच्छा आहे.

मला हवी असलेली गाडी अशी आहे : पुढचा भाग लांब आणि कललेला, पुढे २१ इंचांचे बारीक चाक, मागचे शॉकॲब्सॉर्बर काढून हार्डटेल, सीट खाली बसलेली, टाकी लहान आणि हँडल उंच. पुढचा भाग कलता करण्यासाठी दोन कारागिरांकडे चौकशी केली. एकाच्या मते फ्रेमची मान, म्हणजे हँडलचा दांडा ज्यात फिरतो ती पुढची नळी, कापून ती ३८ ते ४० अंशांवर पुन्हा वेल्डिंग करावी लागेल. दुसऱ्याचे म्हणणे असे की फ्रेमला हातही लावू नये, फक्त वरची आणि खालची टी, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन नळ्या ज्यांत बसतात त्या पकडी, नवीन करून त्यांत फोर्क ६ अंश पुढे कलते बसवावेत, म्हणजे काम दोन दिवसांत होईल, खर्च कमी येईल आणि फ्रेम न कापल्यामुळे धोकाही राहणार नाही. दुसरा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो. तो खरोखर तसा आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

गाडी रोज शाहूपुरीहून शिरोली एमआयडीसीपर्यंत कामावर न्यायची आहे आणि सुट्टीच्या दिवशी पन्हाळा किंवा गगनबावडा. पाईप कोणता वापरावा, वेल्डिंग कोणते करावे आणि आरटीओच्या बाबतीत काय करावे लागेल, याचेही मार्गदर्शन मिळाल्यास उपकार होतील.


उद्यमनगर_लेथ

आपण विचारले आहे त्यातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आधी घेतो. जो मार्ग आपल्याला सुरक्षित वाटतो आहे, तोच या दोहोंत अधिक घातक आहे. फ्रेम कापली नाही म्हणजे धोका टळला, ही समजूत आपल्याकडे सर्रास आढळते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी सरळ चालते ती ट्रेलमुळे. मानेच्या मध्यातून जाणारी रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक जमिनीला टेकते त्या बिंदूच्या थोडी पुढे पडते. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. चाक नेहमी त्या रेषेच्या मागे ओढले जाते, म्हणून हँडल आपोआप सरळ होत राहते. हिशेब अवघड नाही. चाकाच्या त्रिज्येला मानेच्या कोनाच्या साइनने गुणावे, त्यातून ऑफसेट, म्हणजे मानेच्या रेषेपासून एक्सल जितका पुढे आहे ते अंतर, वजा करावे आणि उरलेल्याला त्याच कोनाच्या कोसाइनने भागावे. कोन उभ्या रेषेपासून मोजायचा.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. ३.२५-१९ टायर लावलेल्या चाकाची त्रिज्या भाराखाली सुमारे ३२० मिमी, मानेचा कोन २७ अंश आणि ऑफसेट ६० मिमी धरला, तर ट्रेल सुमारे ९६ मिमी येतो. रोजच्या गाडीला तो योग्य आहे. आता मान तशीच ठेवून टीमध्येच फोर्क ६ अंश पुढे कलवले. टीपासून एक्सलपर्यंत ७०० मिमी अंतर धरले, तर एक्सल सुमारे ७३ मिमी पुढे सरकतो, म्हणजे ऑफसेट १३३ मिमी झाला. मानेचा कोन मात्र २७ अंशच आहे. ट्रेल उरला जेमतेम १४ मिमी. ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग खाली बसतो, मान आणखी उभी होते आणि तो १४ मिमीसुद्धा राहत नाही. अशी गाडी गल्लीत हलकी आणि चपळ वाटते, त्यामुळे चालवून पाहणारा खूश होतो. महामार्गावर वेग वाढला आणि एखाद्या खड्ड्याने चाकाला धक्का दिला, की हँडल दोन्ही बाजूंना जोराने आपटू लागते आणि ते हाताने थांबवता येत नाही.

कललेल्या टी मुळात कशासाठी आहेत, हेही सांगायला हवे. मान आधीच कापून फार कलती केली की ट्रेल अतोनात वाढतो. तो कमी करण्यासाठी त्या वापरतात. वरच्याच उदाहरणात मान ३८ अंशांवर नेली आणि ऑफसेट ६० मिमी ठेवला, तर ट्रेल सुमारे १७४ मिमी होतो. तो ११० मिमीच्या आसपास आणायचा तर ऑफसेट ११० मिमी लागतो, आणि लांब फोर्कला त्यासाठी टीमध्ये साडेतीन ते चार अंशांचा कल पुरतो. म्हणजे कलती मान आणि कलती टी यांची जोडी आहे. मूळ मानेला एकटी कलती टी लावायचीच नसते, आणि ज्या कारागिराने ती सुचवली त्याने हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा, असा आग्रह आपण धरावा.

दुसरी गोष्ट खास बुलेटची. या गाडीला वेगळी वरची टी नाही. हेडलाइट ज्यात बसते आणि ज्याच्या दोन्ही अंगांना टायगर लॅम्प असतात, ते ओतीव कॅस्केटच वरच्या टीचे काम करते. फोर्कच्या नळ्यांचे वरचे टोक त्याच्यात आट्यांवर बसते. म्हणजे "फक्त टी बदलू" असे म्हणणाऱ्याला हेडलाइट, स्पीडोमीटर, ॲमीटर आणि हँडलची पकड हे सगळे नव्याने उभे करावे लागते. दोन दिवसांत ते नीट होणार नाही.

फोर्कच्या लांबीबद्दलही सांगतो. नळीला आट्यांचा तुकडा जोडून लांबी वाढवणारे पुष्कळ आहेत. मी तसे काम घेत नाही आणि कोणाला घ्यायला सांगणार नाही, कारण सर्वांत जास्त वाक जिथे येतो त्याच्या जवळपासच तो जोड पडतो. लांब फोर्क हवाच असेल, तर पूर्ण लांबीची सीमलेस नळी घेऊन, ग्राइंडिंग आणि हार्ड क्रोम करून वापरावी. तरीही बाकी सगळे तेच ठेवून लांबी सव्वापट केली, तर वाक जवळजवळ दुप्पट होतो, कारण तो लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३५ मिमीच्या नळीला याची मर्यादा फार लवकर येते. शिवाय मान न कापता फोर्क लांब केले, की गाडीचे नाक वर उचलते, इंजिन मागे झुकते आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोटची पातळी बिघडते.


कायदा_आणि_कागद

वरील उत्तर वाचून समाधान वाटले. कागदपत्रांची बाजू मी मांडतो, कारण या विषयावर गाडी तयार झाल्यानंतर विचारणारेच अधिक भेटतात. आपण आधी विचारले, हे फार चांगले केले.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात असा कोणताही फेरफार करता येत नाही, ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील. केरळ उच्च न्यायालयाने याचा काहीसा सैल अर्थ लावला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये रद्द ठरवला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए च्या चौथ्या पोटकलमात, परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे. "प्रत्येक फेरफारामागे" या शब्दांकडे लक्ष द्यावे. मान, चिमटा (मागचे चाक धरणारा हलता भाग), चाक आणि सायलेन्सर यांचा हिशेब वेगवेगळा होऊ शकतो.

आता मान कापण्याबद्दल. चासी क्रमांक बऱ्याच मोटारसायकलींमध्ये मानेवर किंवा तिच्या लगत ठोकलेला असतो. आपल्या गाडीचा क्रमांक कुठे आहे, तो स्वच्छ करून, उजेडात पाहून, त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. त्या भागाला कटर लागला, उष्णतेने अक्षरे बुजली किंवा वर पुट्टी आणि रंग बसला, तर उद्या तपासणीच्या वेळी आपली स्वतःची, चुलत्यांनी दिलेली गाडी चोरीची नाही हे सिद्ध करण्याची वेळ आपल्यावरच येईल. आपल्या गाडीची पुनर्नोंदणी दर पाच वर्षांनी करावी लागते आणि त्या वेळी गाडी अधिकाऱ्यांसमोर उभी करावीच लागते. कापलेल्या मानेची गाडी त्या तपासणीत कशी टिकेल, याचा विचार आजच करावा.

"आरटीओकडून मंजुरी काढून देतो" असे कोणी सांगितले, तर मंजुरी नेमकी कशाची हे लेखी मागावे. रंग बदलला तर त्याची नोंद करून घेता येते. त्याच मेकचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बदलले तर त्याचीही व्यवस्था आहे. हाताने घडवलेल्या चासीला रस्त्यावर आणण्याची मान्यता ही वेगळी बाब असून, चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच असली तरी ती सगळी प्रक्रिया उत्पादकांसाठी आखलेली आहे. एका गाडीसाठी ती सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही.

विमा कंपनीला न कळवता केलेला फेरफार अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. आपण रोज महामार्गावरून जाणार आहात, त्यामुळे हा मुद्दा दंडापेक्षा मोठा समजावा.

आणखी एक लहान बाब, जी चॉपर करताना हमखास काढून टाकली जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारा गार्ड आवश्यक आहे. साडीगार्ड शोभेला आड येतो हे खरे असले, तरी मागे बसलेल्या माणसाचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून तो आहे, आणि तो असलाच पाहिजे. चाक १९ वरून २१ इंचांवर नेणे हासुद्धा फेरफारच आहे, तेही ध्यानात असू द्यावे.

हा धागा वाचून नवीन गाडी कापायला निघालेल्या इतरांसाठी एक सूचना : एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे. चाक किंवा फोर्क बदलताना त्याचा सेन्सर आणि चाकावरची दातेरी कडी काढून टाकणे कायद्यानेही चूक आहे आणि जिवावरही बेतू शकते.


लांब_फोर्क

वरच्या दोघांचाही मान राखून थोडे वेगळे मत मांडतो. मान न कलवता केलेल्या गाडीला चॉपर म्हणता येत नाही. टाकी, सीट आणि मडगार्ड बदलून झालेली गाडी बॉबर म्हणावी, आणि ती सुंदरही असते. पण प्रश्नकर्त्याने ज्या गाडीचे वर्णन केले आहे, तिचा सगळा डौल मागच्या एक्सलपासून मानेपर्यंत जाणाऱ्या एका रेषेत आणि तिथून खाली उतरणाऱ्या फोर्कमध्ये आहे. ती रेषा केवळ टाकी बदलून येणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे की ही चालती, कागदपत्रे पूर्ण असलेली बुलेट कापू नये. नोंदणी रीतसर रद्द झालेल्या एखाद्या गाडीची फ्रेम पावतीसह मिळवावी आणि तिच्यावर खरी चॉपर घडवावी. ती रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनात, महाविद्यालयात किंवा खासगी आवारात ठेवायची. हे काम करायला कोल्हापुरासारखी दुसरी सोय नाही. ज्या शहराने ऑइल इंजिने घडवली आणि ज्या शहराच्या फौंड्र्यांचे कास्टिंग देशभर जाते, तिथे एका मानेचे काम चोख करून देणारे हात नक्कीच आहेत. फक्त त्यांच्याकडे काम घेऊन जाणाऱ्याला आपल्याला काय हवे ते अंशात आणि मिलिमीटरमध्ये सांगता आले पाहिजे.

ते काम कसे व्हावे, ते सांगतो. बुलेटची फ्रेम खालून उघडी असते. पुढचा खांब इंजिनापाशी येऊन संपतो आणि तिथून पुढे इंजिन व गिअरबॉक्स हेच फ्रेमचे काम करतात. इंजिन उतरवून फ्रेम नुसतीच टेबलावर ठेवली आणि मान कापली, तर उरलेला सांगाडा उघडतो किंवा मिटतो, आणि वेल्डिंग झाल्यावर इंजिनाचे बोल्ट छिद्रात बसत नाहीत. त्यामुळे इंजिनाचे रिकामे कवच किंवा त्याच मापाचा लोखंडी साचा जागेवर बोल्टने आवळूनच काम सुरू करावे. जिगसाठी, म्हणजे फ्रेम पक्की धरणाऱ्या चौकटीसाठी, जाड आय बीम सरळ करून घ्यावा, पाणसळ लावून तो समपातळीत आणावा आणि चिमट्याचा पिन बसतो त्या छिद्रांतून लेथवर काढलेला शाफ्ट घालून तिथून सगळी मापे घ्यावीत. मानेच्या कपमध्ये (बेअरिंगच्या वाटीत) बसेल असा दुसरा शाफ्ट टर्नरकडून काढून घ्यावा. तो इतका लांब असावा की वर-खाली हातभर बाहेर राहील. मग ओळंबा सोडून पुढून पाहिले, की मान एका बाजूला अर्धा मिलिमीटर जरी झुकली तरी त्या लांब शाफ्टच्या टोकाला ती चूक स्पष्ट दिसते.

पाईप सीमलेस घ्यावा आणि त्याची भिंत मूळ नळीपेक्षा पातळ नसावी. जीआय पाईप कोणत्याही कारणाने वापरू नये. त्याच्यावरच्या जस्ताचा धूर फुप्फुसांना घातक असतो आणि जोडही सच्छिद्र होतो. नळ्या टोकाला टोक लावून जोडू नयेत. आत घट्ट बसणारा तुकडा दोन्ही बाजूंना नळीच्या व्यासाइतका तरी जाईल असा घालावा, बाहेरच्या नळीला छिद्रे पाडून तिथूनही वेल्डिंग भरावे आणि मग मुख्य सांधा करावा. चांगल्या हाताचे टिग वेल्डिंग असेल तर उत्तम. सीओटू वेल्डिंगही चालते, पण पत्र्याच्या कामावरचा करंट ठेवून ते केले तर वरून सुबक दिसणारा सांधा आत चिकटलेलाच नसतो. आधी समोरासमोर टाके मारावेत, थंड होऊ द्यावे, पुन्हा ओळंबा पाहावा आणि मगच पुढे जावे. मानेपाशी जुना ओतीव किंवा घडीव तुकडा असेल, तर रंग खरवडून जोड कशाचा आहे ते पाहिल्याशिवाय टॉर्च लावू नये. मानेवरचा वेल्डिंगचा फुगवटा दिसायला नको म्हणून ग्राइंडरने सपाट करण्याची जी पद्धत पडली आहे, तिला माझा ठाम विरोध आहे. तो घासताना सांधाही पातळ होतो, आणि वर पुट्टी भरली की तडा गेला तरी दिसायचा नाही.

शेवटी डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट. फौंड्रीत कास्टिंगची तपासणी करताना जी करतात तीच. सांधा स्वच्छ करून त्यावर लाल द्रव फवारायचा, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यायचा, नीट पुसायचा आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. चांगला सांधा पांढराशुभ्र राहतो. कुठे केसाएवढा तडा असेल, तर त्या पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू उमटू लागते, आणि वेल्डिंगच्या कडेला, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, नेमकी तिथेच ती उमटते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावात कोणी ओळखीचे असेल, तर हे काम अर्ध्या तासाचे आहे. रंग देण्यापूर्वी ते करावेच.


घाटरस्ता

मी फक्त चालवण्यापुरते लिहितो, कारण गाडी रोज वापरायची आहे असे आपण म्हटले आहे.

हार्डटेलचा हट्ट सोडावा. चॉपरची परंपरा कॅलिफोर्नियात वाढली, तिथले रस्ते रुंद आणि सरळ. आपल्याकडे गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याला चाकोऱ्या पाडतात, आणि पावसाळ्यानंतर गगनबावड्याच्या रस्त्याची काय अवस्था होते ते आपण पाहताच. मागचे शॉकॲब्सॉर्बर काढले, की प्रत्येक धक्का एक्सलच्या प्लेटवर, तिथून सांध्यांवर आणि पुढे बसणाऱ्याच्या मणक्यावर जातो. टाकीचे कान, बॅटरीची पेटी, नंबरप्लेटची पट्टी असल्या गोष्टी आधी तुटू लागतात. बुलेटने १९४९ साली मागे चिमटा आणि शॉकॲब्सॉर्बर आणले, तेव्हा पुष्कळशा गाड्या मागून कडकच होत्या. या गाडीचा तो मोठा गुण आहे, तो आपण होऊन घालवू नये.

दुसरे, हळू वेगातली वागणूक. मान फार कलती असली की हँडल थोडे वळवताच पुढचे चाक स्वतःच्या वजनाने त्या बाजूला कोसळू पाहते. वर दिलेल्या आकड्यांवरून हिशेब केला, तर २७ अंश आणि ९६ मिमी ट्रेल असताना ही ओढ जितकी असते, तिच्या दुपटीहून जास्त ती ३८ अंश आणि १७४ मिमी ट्रेलला होते. महाद्वार रोडच्या गर्दीत किंवा पन्हाळ्याच्या चढावरच्या वळणात समोरून एसटी आली आणि थांबावे लागले, तर ओझे लादलेली हातगाडी कलंडायला लागल्यावर जसा जोर लावावा लागतो, तसा तो हँडलला लावावा लागतो. वळायला जागाही जास्त लागते.

तिसरे, ब्रेक. आपल्या गाडीला पुढे १७८ मिमीचा आणि मागे १५३ मिमीचा ड्रम आहे. मूळ गाडीलाच ते पुरेसे म्हणावेत इतपतच आहेत. त्यामुळे काही खर्च करायचा असेल तर तो आधी इथे करावा : ड्रम लेथवर गोल करून घ्यावेत, नवे लायनर ड्रमच्या मापाला घासून बसवावेत आणि केबल नवी घालावी.


करवीर_३५०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ट्रेलचा हिशेब मी माझ्या गाडीची मापे घेऊन पुन्हा केला. टी बनवणाऱ्या कारागिरासमोर तो कागद ठेवला, तेव्हा त्यांनी तो शांतपणे वाचला आणि हे काम करू नये असे स्वतःच सांगितले. हा त्यांचा मोठेपणा आहे.

चुलत्यांशीही बोललो. ते म्हणाले, "गाडी तुला दिली आहे, तुझ्या मनासारखी कर, पण नंबर आणि मान यांना हात लावू नकोस." त्यामुळे या बुलेटची फ्रेम, चिमटा, दोन्ही चाके आणि सायलेन्सर मूळचे ठेवायचे ठरवले आहे. टाकी नवीन आणि लहान बनवून घेईन, मडगार्ड नवे घालीन, सीट खाली आणीन, साडीगार्ड राहील आणि हँडल उंच घेईन. रंग बदलला तर त्याची नोंद करून घेईन. लांब_फोर्क यांनी सुचवलेल्या दुसऱ्या फ्रेमचा विचार मात्र मनातून जात नाही. मी जिथे डिप्लोमा केला तिथल्या सरांना विचारले आहे. कार्यशाळेत जिग उभी करायला त्यांची हरकत नाही, फ्रेमची पावती आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद मात्र त्यांना आधी हवा आहे.

आता दोन शंका उरल्या आहेत. हँडल उंच घेण्यासाठी कॅस्केट काढावे लागेल का? आणि टाकी घरी तपासायची असेल तर कशी तपासावी?


उद्यमनगर_लेथ

निर्णय योग्य झाला. कार्यशाळेतली जिग उभी राहिली की कळवा. मानेचा शाफ्ट मी माझ्या लेथवर काढून देईन, फक्त कपचे माप व्हर्नियरने दोन दिशांनी घेऊन आणा, कारण जुने कप गोल राहिलेले नसतात.

कॅस्केट काढू नका. हँडल त्याच्याच पकडीत बसते आणि २२ मिमी जाडीचे कोणतेही हँडल तिथे बसवता येते. पकडीची दोन्ही झाकणे सारखी आवळा. एक पूर्ण घट्ट करून मग दुसरे आवळले की ओतीव भागाला तडा जातो. हँडल सहा-आठ इंचांपेक्षा उंच घेऊ नका. हात खांद्याच्या वर गेले की क्लच दाबायला जोर राहत नाही. उंची वाढली की क्लच, पुढचा ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि डीकॉम्प्रेसर (किक मारताना इंजिनातला दाब सोडणारी कळ) या चारही केबल लांब लागतील. त्या ओढूनताणून जुन्याच वापरू नयेत. बसवून झाल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. कोणत्याही जागी इंजिनाचा आवाज चढला, तर ॲक्सिलरेटरची केबल आखूड आहे किंवा चुकीच्या मार्गाने गेली आहे. गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी ती दुरुस्त झालीच पाहिजे. हेडलाइटकडे जाणाऱ्या वायरिंगलाही तेवढीच ढील हवी.

टाकीची तपासणी घरी करता येते. झाकण आणि नळाचे भोक रबराने बंद करा, सायकलच्या हातपंपाने अगदी थोडी हवा भरा आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी ब्रशने लावा. कंप्रेसर अजिबात लावू नका. सपाट पत्र्याची टाकी फुगून कायमची वाकते. बुडबुडा आला तिथे खूण करून टाकी वेल्डरकडे परत न्या. नवीन टाकीत पेट्रोल घालण्यापूर्वीच हे करायचे, कारण एकदा पेट्रोल पडलेल्या टाकीवर, ती कितीही धुतली तरी, उघडी ज्वाला किंवा वेल्डिंग नेणे जिवावर बेतते. त्याच कारणासाठी आपली जुनी, आतून गंजलेली टाकी कापून आकार बदलण्याच्या फंदात कोणी पडत असेल, तर त्याला थांबवा. ती तशीच जपून ठेवा; पुढच्या पुनर्नोंदणीच्या वेळी नवी टाकी कोणाच्या डोळ्यावर आली, तर आतून साफ करून हीच पुन्हा बसवता येईल.